मासा थरथरतो

आमच्या अण्णांना लग्नपत्रिका दिली की ते मुहूर्त बघत नाहीत. आधी ती खिडकीशी नेतात, उजेडात धरतात, तिरकी करतात आणि म्हणतात, "गणपतीचा लाल रंग हललाय. सोंडेबाहेर आलाय." मग आई पत्रिका हातातून काढून घेते आणि तारीख कॅलेंडरवर लिहिते. पापडाचंही तेच, साडीच्या काठाचंही तेच. अण्णांनी करन्सी नोट प्रेसमध्ये सगळी नोकरी छापून आलेल्या कागदाकडे संशयानं बघण्यात काढली आणि २००४ साली ते निवृत्त झाले. नोकरी संपली, संशय पेन्शनसोबत घरी आला.

नाशिकरोडला हे नवल नाही. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कोणीतरी प्रेसमध्ये होतं किंवा आहे. एकेकाळी या देशाची तिकिटं आणि नोटा विलायतेहून छापून यायच्या. मग इथं सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ पासून नोटाही इथंच छापायला लागल्या, आणि तेव्हापासून नाशिकरोडच्या माणसाला वाटतं की देश आपल्या बारीक नजरेवर चाललाय. आम्ही 'नाशिकला जाऊन येतो' असं म्हणतो, जणू ते परगाव आहे. (आहेच. रिक्षावाल्याला विचारा.)

छापताना बिघडलेल्या नोटेचं काय करायचं, हा अण्णांचा आवडता विषय. त्यांच्या काळात बिघडलेली नोट काढून तिच्या जागी त्याच नंबरची दुसरी नोट यायची, म्हणजे शंभराची गड्डी अखंड. २००६ पासून रिझर्व्ह बँकेनं दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांसाठी वेगळी रीत काढली. बिघडलेल्या नोटेच्या जागी निराळ्या नंबरची नोट घालायची आणि ती ओळखू यावी म्हणून सुरुवातीची अक्षरं आणि नंबर यांच्या मधे एक चांदणी छापायची. अण्णांना हे मुळीच पटलं नव्हतं. "चांदणी म्हणजे कबुलीच की," ते म्हणायचे. "इथं आमचं चुकलं होतं, अशी."

अशा माणसाच्या घरात मी २००९ च्या जानेवारीत विंडोज ७ ची बीटा आवृत्ती आणायला निघालो.

त्या ७ जानेवारीला मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बाल्मर यांनी लास वेगासमध्ये जाहीर केलं होतं की, नवी विंडोज तयार व्हायची आहे, पण कच्ची प्रत लोकांनी फुकट उतरवून घ्यावी आणि वापरून बघावी. पहिल्या पंचवीस लाखांनाच. जगातले सगळे हौशी एकाच वेळी ताटावर बसले, वाढप्यांची दाणादाण उडाली, आणि यजमानांनी सांगून टाकलं की पानांची मर्यादा नाही, १० फेब्रुवारीपर्यंत कोणीही या. माझ्यासारखा, अंबडच्या कारखान्यात दिवसभर हिशेब लिहिणारा माणूस अशा पंगतीला जाणार नाही तर कुठं जाणार?

अण्णांना समजावून सांगणं भाग होतं, कारण कॉम्प्युटर त्यांच्या ग्रॅच्युइटीच्या भरवशावर घेतलेला होता.

"म्हणजे यात चुका आहेत?"

"हो अण्णा. असतीलच."

"आणि हे त्यांना ठाऊक आहे?"

"हो."

"तरी गेटाबाहेर सोडलं?"

"लोकांनीच चुका शोधून कळवाव्यात, म्हणून सोडलंय."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. चहाची बशी खाली ठेवली. "पगार काय देणार?"

"काही नाही."

"म्हणजे चेकिंग आपल्याकडून फुकटात करून घेणार, आणि त्यासाठी तू उठणार रात्री दोनला!"

मी शेवटचा पत्ता टाकला. म्हटलं, अण्णा, चुकीच्या छपाईलाही मोल असतं. १८५४ सालचं ते चार आण्यांचं तिकीट, ज्यात राणीचं डोकं उलटं छापलं गेलं, त्याच्यासाठी संग्राहक जीव टाकतात.

"ते कलकत्त्याचं काम," अण्णा म्हणाले. "आमच्याकडचं नव्हे."

आता यंत्राविषयी. २००३ साली जुळवून घेतलेला पेंटियम ४, दोनशे छप्पन्न एमबी रॅम, चाळीस जीबीची हार्ड डिस्क आणि पंधरा इंची पोटवाला मॉनिटर. मॉनिटरवर आईनं विणलेलं क्रोशाचं कव्हर, कॅबिनेटवर मागच्या दसऱ्याचं स्वस्तिक. नव्या विंडोजला एक जीबी रॅम हवी होती. आमच्या यंत्रात बसणारी रॅम तोवर बाजारातून निघून चालली होती, त्यामुळे जुनी असून नव्यापेक्षा महाग. पाचशे बारा एमबीची एक पट्टी सेकंडहँड मिळाली. सगळे मिळून सातशे अडुसष्ट झाले. एक जीबीत पाव कमी, पण आपल्याकडे मापात एवढं चालतं.

डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा राहायचा, त्यानं त्याचा काढून दिला. "काका, जंपर स्लेव्हवर ठेवा हं." त्या वर्षी माझी स्थळं बघणं चालू होतं आणि एकतिसाव्या वर्षी मला काका म्हणणारा तो पहिलाच. मी दुखावलेल्या मनानं जंपर काढायला गेलो. जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, ड्राइव्हच्या पाठीमागच्या दोन सुयांवर टोपीसारखा बसतो. कोणता ड्राइव्ह मालक आणि कोणता चाकर, हे त्या टोपीवरून यंत्राला कळतं. चिमट्यानं ओढला तसा टण्णकन उडाला. मी आणि अण्णा दीड तास जमिनीवर रांगलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आई भातासाठी तांदूळ निवडत होती, तिथून तिचा आवाज आला, "रेशनच्या तांदळात आता काळे चौकोनी खडे यायला लागले बाई."

तर, रात्री दोन. बीएसएनएलच्या पाचशे रुपयांच्या ब्रॉडबँडमध्ये महिन्याचं डाऊनलोड मोजून मिळायचं, पण रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत मोजदाद नव्हती. त्या काळात नाशिकरोडचे निम्मे तरुण पहाटे जागे असायचे आणि निम्म्या आया समजायच्या की पोरगं अभ्यास करतंय. मला उतरवायची होती जवळपास अडीच जीबीची एकच फाइल. सगळं सुरळीत चाललं तर साडेतीन तास, आणि सगळं सुरळीत चालेल असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीतली रात्र. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ते दिवस. मी शालीत, अण्णा माकडटोपीत. त्यांना कोणी उठवलं नव्हतं; प्रेसमधला माणूस, पाळी त्याच्या अंगात असते. स्टेशनात गाड्या येत होत्या, जात होत्या. पहिल्या रात्री चाळीस टक्क्यांवर लाईट गेली. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण ही त्यातली नव्हती, ही वरकड. सकाळी गच्चीवर गेलं की एकलहऱ्याची धुराडी धूर सोडताना समोर दिसतात. वीज इथं होते आणि इथूनच जाते. दुसऱ्या रात्री मला झोप लागली. तिसऱ्या रात्री अण्णांनी मला झोपायला पाठवलं आणि स्वतः टक्के लिहीत बसले. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही, डावीकडे वेळ, उजवीकडे टक्का, शेवटी सही. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेस मुंबईला निघाली तेव्हा एक्क्याऐंशी. दूधवाला आला तेव्हा नव्वद. सात बावन्नला त्यांनी मला हलवलं. "आला माल. उठ."

मी आधीच्या विंडोज एक्सपीला धक्का न लावता डिस्कच्या दुसऱ्या भागात नवी विंडोज बसवली. एका घराला दोन दारं. बसवण्याच्या पायऱ्या पडद्यावर दिसतात, त्यातली फायली उलगडण्याची पायरी टक्केवारी दाखवते, आणि ती टक्केवारी आमच्या यंत्रात वऱ्हाडासारखी चालली. थोडी पुढं, मग कोणीतरी मागं राहिलं म्हणून सगळे उभे. जेवणं झाली. भांडी झाली. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी पडद्यावर निळ्या पाण्यात एक लाल-निळा मासा उगवला.

हा सयामी लढाऊ मासा. इंग्रजीत त्याचं नाव आणि कच्च्या आवृत्तीचं नाव कानाला जवळजवळ सारखंच लागतं, म्हणून गंमत केलेली. आईनं हातातलं निरांजन तसंच पडद्यासमोर धरलं. मत्स्यावतार समजून असेल, किंवा निव्वळ सवय.

अण्णा खुर्ची ओढून बसले. चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"मासा थरथरतोय."

मी पाहिलं. मला तसं काही वाटलं नाही. म्हटलं, "तुमचे डोळे दाखवून घ्या अण्णा. मोतीबिंदू असेल."

मग यंत्राची परीक्षा घेतली. विंडोज तेव्हा स्वतःच गुण द्यायची. प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि चित्र रंगवण्याची ताकद या सगळ्यांना वेगवेगळे, एकपासून सात पूर्णांक नऊपर्यंत. आणि एकूण गुण म्हणजे सरासरी नव्हे, सगळ्यांत कमी मिळालेले. वर्गातल्या सर्वांत ढ पोराचे मार्क साऱ्या वर्गाला लावण्याची ही पद्धत कोणत्या मास्तरांनी काढली, कोण जाणे. आमच्या जुन्या ग्राफिक्स चिपला नव्या विंडोजसाठी ड्रायव्हरच नव्हता, तिला एक मिळाला. म्हणून यंत्राला एक. खिडक्यांच्या काचेसारख्या पारदर्शक कडा, ज्यांची एवढी वर्णनं वाचली होती, त्या आमच्याकडे पत्र्यासारख्या करड्या.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली इंग्रजीत लिहिलेलं: विंडोज ७, मूल्यमापनासाठीची प्रत, बिल्ड ७०००. त्या रविवारी मला बघायला पाहुणे आले. मुलीचे मामा कॉम्प्युटरच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. दिवाणखान्यात मूल्यमापनाच्या दोन प्रती होत्या आणि दोन्हींचा निकाल लागायचा होता.

आणि मग अण्णांना त्यांचं काम सापडलं. त्या बीटामध्ये प्रत्येक खिडकीच्या वरच्या कडेला 'अभिप्राय पाठवा' असं लिहिलेलं होतं. मला ते दिसतही नव्हतं. दुकानांच्या पाट्या दिसत नाहीत तसं. अण्णा म्हणाले, "हे बघ, मागतायत. द्यायला नको?"

त्या रात्रीपासून जेवणानंतर चेकिंग सुरू झालं. ते सांगणार, मी इंग्रजी करून पाठवणार. वहीत नोंद.

"लिही. क्रमांक एक. मासा थरथरतो."

मी लिहिलं, फिश इज ट्रेम्बलिंग.

"दोन. घड्याळाच्या खालची तारीख मधोमध नाही, केसभर डावीकडे आहे. तीन. कचऱ्याची टोपली रिकामी करताना विचारते, आणि आपण उत्तर द्यायच्या आत थांबते."

"अण्णा, ती थांबत नाही, आपलं यंत्र हळू आहे."

"यंत्र हळू असेल तर त्यांनी हळू विचारावं."

हेही लिहिलं. मार्च उजाडेपर्यंत त्र्याहत्तर नोंदी झाल्या. सिॲटलजवळच्या कुठल्याशा इमारतीत कोणीतरी रोज सकाळी नाशिकरोडची ती पत्रं उघडत असेल, अशी अण्णांची कल्पना होती आणि मी ती मोडली नाही.

फक्त एका बाबतीत त्यांनी शेरा मारला नाही. एक्सपीमध्ये मराठी नीट दिसायला एक खूण करायची असते आणि मूळ सीडी घालायची असते. आमची सीडी दुकानदाराकडे, दुकानदार नाशिकला. त्यामुळे आमच्याकडे वर्षानुवर्षं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं पडायची. 'किती' असं लिहिलेलं कधी नीट दिसलं नाही, जोडाक्षरं पाय मोडून पडलेली. नव्या विंडोजमध्ये काहीच करावं लागलं नाही. मी एका मराठी पानावर गेलो आणि अण्णा पुढं झुकले. नाक काचेला टेकेल इतके. वरपासून खालपर्यंत पान वाचलं, मजकुरासाठी नव्हे.

"वेलांटी जागेवर आहे," ते म्हणाले. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, काही न लिहिता पुन्हा लावलं. त्यांच्या नोकरीत यापेक्षा मोठी शाबासकी नसावी.

पुढचं प्रकरण माझ्या मूर्खपणाचं आहे. भीमसेन जोशींना भारतरत्न जाहीर झाल्यापासून अण्णांनी कॉम्प्युटरमध्ये त्यांचेच अभंग आणि राग भरून ठेवले होते. त्या बीटामध्ये एक जाहीर दोष होता: एमपी३ गाण्याला जोडलेली माहिती, म्हणजे मुखपृष्ठाचं चित्र वगैरे, फार मोठी असेल, तर ती माहिती सुधारताना गाण्याच्या सुरुवातीचे काही सेकंद कापले जायचे. मायक्रोसॉफ्टनं बीटासोबतच याची दुरुस्ती दिली होती, ती आधी बसवा आणि गाण्यांची दुसरी प्रत ठेवा असं बजावलंही होतं. मी ते वाचलं नाही. आपल्याकडे 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं कोण वाचतं? आणि गाण्यांना चित्रं मीच चिकटवली होती, प्रत्येकाला चांगलं मोठं.

गुरुवारी सकाळी अण्णांनी अभंग लावला आणि लगेच बंद केला. पुन्हा लावला. बंद.

"तानपुरा कुठाय?"

"म्हणजे?"

"आधी तानपुरा लागतो. मग थोडं थांबतात. मग येतात. हे एकदम आलेत. दार न वाजवता."

त्यांनी सगळ्या फायली तपासल्या. एक्केचाळीस ठिकाणी तानपुरा गेलेला. मला वाटलं आता ग्रॅच्युइटीचा विषय निघणार. अण्णा उठले, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सीडी, प्रत्येकीवर नंबर. प्रेसमधला माणूस एका प्रतीवर विसंबत नाही. एक्केचाळीस तानपुरे संध्याकाळपर्यंत परत आले. वहीत नोंद झाली, पण अभिप्राय पाठवू नको म्हणाले. "हा दोष त्यांनी आधीच कळवला होता. यातला चेकर तू."

मे महिन्यात लोकसभेच्या निकालाची वाट बघणं चालू असताना विंडोजची पुढची प्रत आली, बिल्ड ७१००. तिचं नाव रिलीज कॅन्डिडेट. अण्णांनी 'उमेदवार' एवढंच ऐकलं आणि म्हणाले, या महिन्यात आणखी उमेदवार नको. आमची बीटाच चालू राहिली.

पण तिची मुदत ठरलेली होती. १ ऑगस्टला संपणार, आणि त्याआधी महिनाभर, १ जुलैपासून, ती दर दोन तासांनी आपणहून बंद पडणार. लोकांनी पुढच्या प्रतीकडे जावं म्हणून. हे आधीपासून जाहीर होतं. अण्णांना ते फार आवडलं. सांगितलेल्या तारखेला, सांगितलेल्या अंतरानं जाणारी अशी एकच गोष्ट त्या पावसाळ्यात आमच्याकडे होती.

योग असा की, जूनच्या शेवटी अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूच निघाला. पहिले काही दिवस दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालायचे होते, आणि आईला पोथी वाचताना वेळेचं भान राहत नाही. तेव्हा सकाळी आठला कॉम्प्युटर लावायचा. दहाला पडदा काळा. "मासा गेला रे," आई स्वयंपाकघरातून म्हणायची, आणि मी किंवा ती बाटली घेऊन धावायचो. पुन्हा चालू, बारा. पुन्हा चालू, दोन. डॉक्टरांनी विचारलं, थेंब वेळेवर घालताय ना? अण्णा म्हणाले, "अमेरिकेतून सोय केलीय."

काळा चष्मा निघाला त्या दिवशी ते पहिल्यांदा खुर्चीत बसले. हनुवटी वर करून, नव्या डोळ्यानं पडद्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता?"

"रंग फार सुंदर आहेत रे," ते म्हणाले. "मासा अजून थरथरतोय."

तेव्हा मी शोध घेतला. ड्रायव्हर नसल्यामुळे आमचा पोटवाला मॉनिटर सेकंदाला साठच वेळा पडदा रंगवत होता. एक्सपीमध्ये मी तो पंच्याऐंशीवर ठेवलेला होता. साठावर असे मॉनिटर लुकलुकतात. काहींना ते दिसतं, काहींना दिसत नाही. मोतीबिंदूतूनही अण्णांना दिसत होतं, आणि दोन चांगल्या डोळ्यांनी मला नाही. वहीतल्या क्रमांक एकवर त्यांनी लाल पेनानं रेघ ओढली.

१ ऑगस्टला बीटा गेली. आम्ही एक्सपीच्या दारानं आत गेलो. हिरवी टेकडी, पांढरे ढग, कसलीही थरथर नाही. अण्णांनी मराठी पान उघडलं. सगळ्या वेलांट्या घसरून पुढच्या घरात गेलेल्या. त्यांनी पान मिटलं आणि भाजी आणायला बिटको चौकात गेले. दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही.

तिसऱ्या रात्री पावसाच्या आवाजानं मला जाग आली. बाहेरच्या खोलीत उजेड. पावणेदोन झाले होते. अण्णा कॉम्प्युटरसमोर बसलेले, मोडेमचे दिवे लुकलुकतायत, शेजारी झाकण घातलेला चहाचा कप.

"दोन वाजू दे," ते मागं न बघता म्हणाले. "या उमेदवारात मासा ठेवलाय का रे?"

वही उघडी होती. बिल्ड ७००० समोर शेरा: बाद. खाली नवी ओळ आखलेली, आजची तारीख, टक्क्यांचा रकाना कोरा. आणि 'बिल्ड' हा शब्द आणि '७१००' हा आकडा यांच्या मधे, पेनानं, पाचही टोकं सारखी, काढलेली एक चांदणी.